लांब पल्ल्याच्या सरावाचा ताण कसा पेलावा: ठाणे आणि नवी मुंबईतील स्पर्धक धावपटूंसाठी

हा लेख नुकतेच धावू लागलेल्यांसाठी नाही. निदान वर्षभर नियमित धावलेले, दहा किलोमीटर किंवा अर्धमॅरेथॉन एकदा तरी पूर्ण केलेले, आणि आता मनाशी ठरवलेल्या वेळेसाठी किंवा ४२.१९५ किलोमीटरच्या पूर्ण मॅरेथॉनसाठी आठवड्यातून पाच-सहा दिवस सराव करणारे स्त्री-पुरुष पहाटे उपवन तलावापाशी, तलावपाळीवर, पाम बीच रस्त्यावर आणि खारघरच्या टेकड्यांकडे दिसतात. त्यांच्यासाठी तो आहे. हौसेने धावणारा माणूस दमला की दुसऱ्या दिवशी घरी राहतो. वेळेसाठी धावणाऱ्याला दमलेल्या पायांनीच पुन्हा उतरावे लागते, आणि हा दिवसांमागून साठत जाणारा थकवा हीच त्याची खरी परीक्षा असते.

सहनशक्ती म्हणजे येईल ते निमूटपणे सोसत राहणे, अशी समजूत आपल्याकडे पक्की आहे, आणि तिच्यापायी चांगले, जिद्दीचे धावपटू ऐन भरात असताना वर्ष-वर्ष बाहेर बसलेले मी पाहिले आहेत. कोणता ताण सोसायचा आणि कोणत्या ताणापुढे त्याच दिवशी थांबायचे, हे ओळखता येणे हे माझ्या मते सरावाचे निम्मे काम आहे. सरावाने स्नायू, हाडे आणि हृदय यांच्यावर ताण पडतो, पण ती बळकट होतात ती नंतरच्या विश्रांतीत. म्हणून विश्रांती वगळून केलेला सराव कितीही कष्टाचा असला तरी तो अर्धाच झालेला असतो.

ताणाची वही

साठत जाणारा थकवा आठवणीवर मोजता येत नाही. तो लिहावा लागतो. साधी वही पुरते. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी पूर्ण एक मिनिट नाडीचे ठोके मोजून लिहावेत. दोन-तीन आठवड्यांत आपला नेहमीचा आकडा कळतो. तो आकडा सलग दोन-तीन दिवस पाच-सात ठोक्यांनी वर राहिला, तर शरीर सावरलेले नाही, झोप अपुरी आहे किंवा ताप येऊ घातला आहे, असे समजून त्या दिवशीचा कठीण सराव सोपा करावा किंवा सोडून द्यावा. नाडीशेजारी झोप किती झाली, पाय कसे आहेत आणि धावायची इच्छा आहे का, एवढे तीन-चार शब्दांत लिहावे. मला विचाराल तर या नोंदींत इच्छेची नोंद सर्वांत मोलाची असते, कारण शरीर थकल्याची खूण बहुधा तिथे सर्वांत आधी उमटते.

सरावाचे ओझे मोजण्याची एक सोपी रीत कार्ल फॉस्टर या अमेरिकी व्यायामशास्त्रज्ञाने रूढ केली आहे. सराव संपल्यावर अर्ध्या तासाने स्वतःला विचारावे की एक ते दहा या मोजपट्टीवर आजचे कष्ट किती होते, आणि त्या आकड्याला सरावाच्या मिनिटांनी गुणावे. तासभराची निवांत धाव चार कष्टांची वाटली तर २४०. पन्नास मिनिटांचा वेगाचा सराव आठ कष्टांचा वाटला तर ४००. अंतर कमी असूनही दुसरा दिवस अंगावर किती जड गेला, हे लगेच दिसते. आठवड्याची बेरीज मांडावी, आणि ती एकदम पाव पटीने वाढलेली दिसली तर पुढच्या आठवड्यात वाढीचा विचार सोडून द्यावा. दर चौथ्या आठवड्यात मात्र बेरीज मुद्दाम खाली आणावी: ६० किलोमीटर धावणाऱ्याने त्या आठवड्यात ४५ वर थांबावे.

या वहीत धावण्याबाहेरचे कष्टही लिहिले पाहिजेत. ठाण्याहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत गर्दीत उभ्याने केलेला प्रवास, महिनाअखेरचे ऑफिस, घरातले आजारपण, रात्रपाळी या सगळ्यांतून सावरण्यासाठी शरीराजवळ ताकदीची एकच शिल्लक असते. प्रशिक्षकाने दिलेले वेळापत्रक बहुधा नोकरी नसलेल्या माणसाचे असते. ते आपल्या आठवड्याला बेतून घेण्यात कमीपणा नाही.

सावकाश दिवस सावकाशच धावावेत

आठवड्यातील अंतराचा सुमारे चार-पंचमांश भाग अशा गतीने धावावा, की सोबत्याशी पूर्ण वाक्यांत बोलता आले पाहिजे. हा नियम सगळ्यांना ठाऊक असतो आणि फार थोडे लोक तो पाळतात. पाम बीचसारखा सपाट, सरळ रस्ता, पहाटेची मोकळी हवा आणि सात-आठ जणांचा गट एकत्र आला की गती नकळत वाढत जाते. पुढच्याच्या पावलाशी पाऊल मिळवताना सावकाश धाव मधल्याच कुठल्यातरी गतीची होते. ही मधली गती वेग वाढवण्याइतकी जोरदार नसते आणि पाय मोकळे होतील इतकी हलकीही नसते. तिचे कष्ट मात्र साठतात, आणि मंगळवारी वेगाच्या सरावाला उभे राहिल्यावर पाय उचलत नाहीत. त्यामुळे सोप्या दिवशी एकट्याने किंवा आपल्याहून सावकाश धावणाऱ्या सोबत्याबरोबर धावावे, आणि घड्याळाकडे पाहण्याचा मोह आवरावा.

आठवड्याला ६० किलोमीटर धावणाऱ्याचा एक सप्ताह नमुन्यादाखल सांगतो. सोमवारी विश्रांती. मंगळवारी मैदानावर किंवा मोजलेल्या रस्त्यावर एक किलोमीटरच्या पाच वेगवान फेऱ्या, मध्ये सावकाश पळत घेतलेला दम, आधी-नंतर दोन-दोन किलोमीटर हलके धावणे, असे मिळून सुमारे १० किलोमीटर. बुधवारी ८ सावकाश. गुरुवारी ११, त्यांतील मधले ६ किलोमीटर अशा टेम्पो गतीने की तुटक दोन-तीन शब्दच बोलता यावेत. शुक्रवारी ६ आणि शनिवारी ७, दोन्ही सावकाश; आणि रविवारी १८ किलोमीटरची लांब धाव. यात जोराचे अंतर अवघे ११ किलोमीटर आहे, आणि तेवढे पुरेसे आहे. दोन कठीण दिवसांच्या मध्ये एक सोपा दिवस असलाच पाहिजे. एखादा कठीण दिवस हुकला तर तो दुसऱ्या दिवशी भरून काढू नये. हुकला तो हुकला.

येथे घाई करणाऱ्यांनी अविनाश साबळे यांचे आकडे पाहावेत. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या या धावपटूने ३००० मीटर स्टीपलचेसचा, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या शर्यतीचा, राष्ट्रीय विक्रम २०१८ मध्ये ८ मिनिटे २९.८० सेकंदांवर आणला, आणि जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये तो ८ मिनिटे ९.९१ सेकंदांपर्यंत खाली नेला. जवळजवळ सहा वर्षे, आणि कमी झालेले सेकंद वीसही भरत नाहीत. पूर्ण वेळ सराव करणाऱ्या, ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत धावलेल्या माणसाची ही प्रगती आहे. नोकरी सांभाळून धावणाऱ्याने एका हंगामात अर्धमॅरेथॉनमधून पंधरा मिनिटे काढण्याचे ठरवले, तर त्या घाईचे ओझे शेवटी नडगीवर आणि टाचेवरच येते.

दमट हवा आणि पाऊस

आपल्या भागात धावणाऱ्याला पुणेकर किंवा नाशिककर धावपटूपेक्षा एक ओझे जास्त असते, ते खाडीकाठच्या दमट हवेचे. घाम वाळतो तेव्हा अंग थंड होते. नुसता गळून पडलेला घाम काहीच कामाचा नसतो. हवेत आधीच बाष्प भरलेले असले की घाम वाळत नाही, शरीर त्वचेकडे अधिक रक्त पाठवते, पायांच्या वाट्याला कमी येते आणि त्याच गतीला हृदयाचे ठोके वाढतात. म्हणून मार्च ते जून आणि ऑक्टोबरात गतीचा आकडा बाजूला ठेवून कष्टांच्या मोजपट्टीवर धावावे. जानेवारीतील मुंबई मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांचा मुख्य सराव नेमका ऑक्टोबरच्या उकाड्यात सुरू होतो, आणि तेव्हा घड्याळातली गती पाहून हातपाय गाळून बसणारे अनेक जण डिसेंबरात तीच गती सहज गाठतात. उष्णतेला शरीर सरावायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात; तेवढे दिवस जोराचा सराव कमी करावा.

आपला घाम किती जातो हे प्रत्येकाने एकदा मोजावे. धावण्यापूर्वी आणि नंतर, अंग पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करावे. समजा दीड तासाच्या धावेआधी वजन ६२ किलो होते, नंतर ६०.६ भरले आणि मध्ये अर्धा लिटर पाणी प्यायले गेले, तर एकूण १.९ लिटर घाम गेला, म्हणजे ताशी सुमारे सव्वा लिटर. हे सगळे पाणी धावतानाच भरून काढायचे नसते. वजनात दोन टक्क्यांच्या आसपासची घट चालते. उलट घामापेक्षा जास्त पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, आणि सावकाश धावणाऱ्या, प्रत्येक टेबलावर थांबून पाणी पिणाऱ्या मॅरेथॉनपटूंना हा धोका अधिक असतो. दीड तासापेक्षा मोठ्या धावेत नुसत्या पाण्याऐवजी ओआरएस किंवा मीठ-साखर घातलेले लिंबाचे वा कोकमाचे सरबत घ्यावे.

धावताना बोलणे अडखळू लागले, तोल जाऊ लागला, सोबती भलतेच काही बोलू लागला, तर तो उष्माघात समजावा आणि क्षणभरही न थांबता त्याला सावलीत आडवे करून अंगावर गार पाणी, मिळेल तर बर्फ, भरपूर घालावा आणि त्याच वेळी रुग्णवाहिका बोलवावी. आधी गार करणे, मग हलवणे, हा क्रम महत्त्वाचा आहे.

पावसाळ्यातला सराव वेगळ्या प्रकारे कसोटी पाहतो. ठाण्यात ऑगस्टमध्ये होत आलेली वर्षा मॅरेथॉन पावसात धावण्याची हौस लावते, आणि ती हौस चांगलीच आहे. पण साचलेल्या पाण्यातून पाय घालत धावू नये. त्याखाली उघडे गटार असू शकते, आणि अशा पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, ज्याचे जंतू पायावरच्या लहानशा जखमेतूनही शरीरात शिरतात. अशा पाण्यातून जावेच लागले आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांना पाण्याची गोष्ट आवर्जून सांगावी. भिजलेल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते पंख्याखाली ठेवावेत, शक्य असल्यास बुटांचे दोन जोड आलटूनपालटून वापरावेत, आणि काखेत व मांड्यांना खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावावे. येऊरचा चढ पाय घडवण्यासाठी अप्रतिम आहे, पण पावसात उतारावर शेवाळ असते, आणि तो सगळा परिसर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून असल्याने तिथे बिबट्यांचा वावर आहे. उजाडण्यापूर्वी एकट्याने वर जाऊ नये.

दुखते आहे की दमले आहे

दोन्ही पायांत सारखे जाणवणारे, बोथट, मोठ्या भागात पसरलेले आणि पहिल्या दोन किलोमीटरांत कमी होणारे दुखणे बहुतेक वेळा स्नायूंच्या थकव्याचे असते. कठीण सरावानंतर ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते आणि मग उतरते. हे सोसावे, हलके चालावे, हलके धावावे.

याउलट एकाच पायात, बोट ठेवून दाखवता येईल अशा जागी असलेले, धावू लागल्यावर वाढत जाणारे, रात्री अंथरुणात ठणकणारे किंवा चाल बदलायला लावणारे दुखणे अंगावर काढू नये. नडगीच्या हाडावर बोटाने दाबल्यावर एकच बिंदू तीव्र दुखत असेल, किंवा त्या पायावर उडी मारताच कळ येत असेल, तर हाडाला बारीक तडा जात असल्याची शक्यता असते. अशा वेळी त्याच दिवशी धावणे थांबवून अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे. सुरुवातीच्या साध्या एक्स-रेमध्ये असा तडा अनेकदा दिसत नाही, त्यामुळे एक्स-रे स्वच्छ आला म्हणून लगेच धावायला निघू नये. वेळीच थांबल्यास काही आठवड्यांत भरून येणारी ही दुखापत दडपून धावल्यास महिने खाते.

वेदनाशामक गोळी घेऊन लांब धाव किंवा स्पर्धा धावण्याची जी रीत काही गटांत रुळली आहे, तिला माझा ठाम विरोध आहे. गोळी दुखापत बरी करत नाही, फक्त तिची सूचना बंद करते. शिवाय आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात मूत्रपिंडांवर भार टाकतात. मोठ्या धावेनंतर लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली आणि स्नायू अतिशय दुखत असतील, तर विलंब न लावता रुग्णालयात जावे.

आठवड्यातून दोनदा वीस मिनिटे पायऱ्यांच्या काठावर टाचा उचलणे, बैठका आणि एका पायावरचे तोल सांभाळण्याचे व्यायाम करावेत. बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर बदलावेत. याहून जास्त काही सांगण्याची गरज नाही. हे सगळ्यांना माहीत असते, करायचे राहून जाते एवढेच.

अन्न आणि झोप

सरावाचे कष्ट झेपत नाहीत अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांशी बोलताना मी प्रथम त्यांच्या जेवणाविषयी विचारतो, कारण पुष्कळदा ते गरजेपेक्षा कमी खात असतात. धावपटू हलका असावा हे खरे असले, तरी जाळलेल्या उष्मांकांइतके अन्न न मिळालेले शरीर आधी हाडांची आणि संप्रेरकांची कामे थोपवते. स्त्रियांमध्ये पाळी लांबणे किंवा बंद होणे ही त्याची स्पष्ट खूण आहे. सरावात असे होतेच, असे समजून ती सोडून देऊ नये आणि स्त्रीरोगतज्ज्ञाला भेटावे. सतत धाप लागणे, सोप्या गतीलाही पाय जड वाटणे, या तक्रारी असतील तर हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनचीही तपासणी करून घ्यावी, कारण हिमोग्लोबिन ठीक असतानाही शरीरातला लोहाचा साठा आटलेला असू शकतो.

लांब धावेनंतर तासाभरात नीट खावे. नुसते पोहे किंवा उपमा पुरत नाही. त्याबरोबर अंडी, मोड आलेल्या कडधान्याची उसळ किंवा दही हवे. दीड तासापुढच्या धावेत दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जावीत: एक मध्यम केळे साधारण २५ ग्रॅमचे काम करते, खजूर आणि चिक्कीही चालतात. स्पर्धेत जे खायचे ते सरावात आधी खाऊन पाहावे. उपवास करणाऱ्यांनी संकष्टी, श्रावणी सोमवार किंवा नवरात्र वेळापत्रक मांडतानाच लक्षात घ्यावे आणि त्या दिवशी वेगाचा सराव किंवा लांब धाव ठेवू नये. साबुदाण्याच्या खिचडीत कर्बोदके भरपूर असतात, प्रथिने फारच थोडी. दाण्यांची आमटी आणि दूध-दही जोडीला असले तर दुसऱ्या दिवशीचे पाय बरे राहतात.

झोपेला पर्याय नाही. पहाटे साडेचारला उठणाऱ्याने साडेनऊला झोपायला हवे, आणि रात्री अकरानंतर घरी पोहोचणाऱ्याने पहाटेचा हट्ट सोडून सराव दुसऱ्या वेळी ठेवायला हवा. पाच तासांच्या झोपेवर केलेली वेगाची धाव न केलेलीच बरी.

मनावरचा ताण

शरीराच्या कष्टांवर बोलणारे पुष्कळ भेटतात. मनाच्या कष्टांवर मात्र ‘जिद्द ठेव’ एवढ्याच दोन शब्दांत बोळवण होते. जिद्द असलेल्यांनाच हा ताण अधिक होतो, म्हणून त्याचा नीट विचार करू.

पहिला ताण सराव सुरू होण्याआधीचा असतो. मंगळवारच्या फेऱ्यांचा धाक सोमवारी संध्याकाळपासून वाटू लागतो, आणि तो वाटणे स्वाभाविक आहे. त्यावर उपाय असा, की पहाटे ठरवण्यासारखे काहीही शिल्लक ठेवू नये. कपडे, बूट, पाणी, मार्ग, फेऱ्यांची संख्या आणि गती रात्रीच ठरलेली असावी. मग स्वतःशी एवढाच करार करावा, की पंधरा मिनिटे हलके धावायचे आणि पुढचा निर्णय त्यानंतर घ्यायचा. पंधरा मिनिटांनंतर अंग मोकळे झाले असेल तर सराव करावा; पाय खरोखर जड असतील, सकाळची नाडीही वर असेल, तर सावकाश धावून घरी यावे आणि त्याबद्दल दिवसभर मनाला खात बसू नये. बहुतेक वेळा धाक पहिल्या दोन किलोमीटरांतच विरतो.

दुसरा ताण प्रत्यक्ष कष्टांच्या मध्यावर येतो. पाच फेऱ्यांत पाचवी फेरी क्वचितच सर्वांत अवघड असते. अवघड असते ती तिसरी, कारण तोवर सुरुवातीचा उत्साह संपलेला असतो आणि शेवट अजून दिसत नसतो. हे आधीच ठाऊक असले की तिसऱ्या फेरीत उठणारा ‘आज जमत नाही’ हा विचार आपल्या क्षमतेचा निकाल वाटत नाही. त्या फेरीसाठी एक ठरावीक काम राखून ठेवावे: जबडा सैल आहे का, खांदे कानांकडे चढले आहेत का, मुठी आवळल्या आहेत का, हे वरून खाली तपासत जावे. आवळलेले अंग सोडले की श्वास आपोआप खोल होतो, आणि लक्ष कष्टांवरून कृतीवर येते. स्वतःशी बोलायचे शब्दही असेच कामाचे असावेत. ‘हरू नको’ म्हटल्याने मनात हरण्याचाच विचार येतो. ‘खांदे सैल’, ‘पाऊल लहान’, ‘चढ संपेपर्यंत एवढाच श्वास’ हे शब्द पायांना काहीतरी करायला सांगतात. हे शब्द सरावात पाठ झालेले असावे लागतात, स्पर्धेच्या दिवशी ते ऐनवेळी सुचत नाहीत.

अंतर मोडून घेणे ही जुनी युक्ती आहे आणि ती खरोखर उपयोगी पडते. पाम बीचवर वाशीहून बेलापूरकडे धावताना उरलेले किलोमीटर मोजण्याऐवजी पुढच्या सिग्नलपर्यंतचाच विचार करावा, तो आला की त्याच्या पुढच्याचा. याच्या जोडीला कंटाळ्याचाही मुद्दाम सराव करावा. महिन्यातून एखादी मध्यम धाव कानात गाणी न घालता तलावपाळीच्या किंवा नेरुळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या त्याच त्या फेऱ्या मारून पूर्ण करावी. तेच तेच दृश्य पाहत गती राखता येणे, हे स्पर्धेच्या तिसऱ्या तासाला लागणारे कौशल्य आहे. आणि दर दोन-तीन लांब धावांमागे एकदा शेवटचे चार किलोमीटर स्पर्धेच्या गतीने धावावेत, म्हणजे थकलेल्या पायांनी गती धरणे कसे वाटते हे मनाला आधीच माहीत होते. ज्याची ओळख झाली आहे, त्याची भीती कमी वाटते.

तिसऱ्या प्रकारचा ताण धावण्याबाहेरून येतो. सॅम्युएले मार्कोरा हे व्यायामशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना दीड तास डोक्याला ताण देणारे काम संगणकावर करायला लावून मग स्थिर सायकलवर बसवले. हृदय आणि स्नायूंच्या मोजमापांत फरक नसतानाही ते लवकर थकून थांबले, कारण त्यांना कष्टच अधिक जाणवत होते. दिवसभर हिशेब, बैठका किंवा वर्ग घेऊन संध्याकाळी मैदानावर आलेल्या माणसाला नेहमीची गती जड का जाते, याचे उत्तर यात आहे. वेगाचा सराव शक्यतो सकाळी ठेवावा. संध्याकाळीच करावा लागत असेल तर गतीची अपेक्षा थोडी उतरवावी आणि घड्याळावरून स्वतःची लायकी ठरवू नये.

तुलनेबद्दलही बोलले पाहिजे. स्ट्राव्हासारख्या ॲपवर दुसऱ्याची धाव दिसते. त्यामागची त्याची झोप, त्याची दुखापत आणि त्याच्या सरावाची वर्षे दिसत नाहीत. सोप्या दिवसाची गती इतरांना दिसेल म्हणून जोरात धावण्याचा मोह ज्यांना होतो, त्यांनी निदान सोप्या धावा तरी खासगी ठेवाव्यात. एक वाईट सराव काहीच सांगत नाही. सलग तीन वाईट सराव मात्र काहीतरी सांगत असतात, आणि तेव्हा वही उघडून मागचे दोन आठवडे वाचावेत.

घरच्यांना वेळापत्रक आधी सांगणे हाही ताण कमी करण्याचाच भाग आहे. रविवारची सकाळ पूर्ण आपली, पण दुपारनंतर घरची, असे स्पष्ट बोलून ठेवले तर लांब धाव अपराधी मनाने धावावी लागत नाही. गणेशोत्सव, दिवाळी, घरातले लग्न यांना सरावाची अडचण समजण्यापेक्षा कमी अंतराचे आठवडे त्याच दिवसांत ठेवावेत. आरती, पाहुणे आणि मोदकांच्या आठवड्यात ४५ किलोमीटरही पुरेसे होतात.

दुखापतीने थांबावे लागते तेव्हाचा ताण बहुधा सर्वांत कठीण असतो, कारण धावपटूची दिवसाची घडी आणि मित्रमंडळी दोन्ही धावण्याभोवती जमलेली असतात. अशा वेळी सरावाची वेळ सोडू नये, सरावाचा प्रकार बदलावा. डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर तरणतलावातील खोल पाण्यात पट्टा बांधून धावणे किंवा स्थिर सायकल त्याच वेळेला, तितकीच मिनिटे करावी. रविवारी गटाला पाणी द्यायला उभे राहावे. माणसांत राहिलेला धावपटू दुखापतीतून लवकर आणि शहाणपणाने परततो, असे माझे निरीक्षण आहे.

काही वेळा मात्र थकवा नेहमीच्या विश्रांतीने जात नाही. दोन आठवडे सराव अगदी कमी करूनही झोप लागत नाही, चिडचिड होते, वारंवार सर्दी-खोकला होतो, गती खालावतच जाते आणि धावण्यात कणभरही आनंद उरत नाही, अशी अवस्था आली तर ती अतिसरावाची असू शकते, आणि ती इच्छाशक्तीने ओलांडता येत नाही. डॉक्टरांकडे जाऊन रक्त तपासावे, सराव पूर्ण थांबवावा लागला तर थांबवावा. उदासी धावण्यापुरती न राहता सगळ्या दिवसावर पसरली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाशी किंवा समुपदेशकाशी बोलावे. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठीच आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

स्पर्धेआधी आणि स्पर्धेनंतर

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होत आली आहे. पूर्ण मॅरेथॉन धावणाऱ्याने शेवटची मोठी धाव त्याआधी तीन आठवडे संपवावी आणि मग ६० किलोमीटरवरून ४५, ३५ असे उतरत शेवटच्या आठवड्यात स्पर्धा वगळून २० किलोमीटरच्या आत यावे. अंतर उतरवावे, पण थोडी वेगवान धाव चालू ठेवावी, म्हणजे पाय सुस्तावत नाहीत. या तीन आठवड्यांत मन फार अस्वस्थ होते. कालपर्यंत ठीक असलेला गुडघा दुखतोसा वाटतो, घसा खवखवतोसा वाटतो, आणि तयारी अपुरी राहिल्याची खात्री पटून एखादी मोठी धाव चोरून मारण्याची इच्छा होते. ती मारू नये. शेवटच्या दोन आठवड्यांतल्या जादा धावेचा फायदा स्पर्धेपर्यंत पायांत उतरत नाही. तिचा थकवा मात्र उतरतो.

पेडर रोडचा चढ पूर्ण मॅरेथॉनमध्ये परतीच्या वाटेवर, पाय रिकामे झाल्यावर येतो. त्याची तयारी डिसेंबरपर्यंत येऊरच्या किंवा पारसिकच्या चढावर, लांब धावेच्या शेवटी चढ घेऊन करावी. स्पर्धेत तिथे गती राखण्याचा हट्ट धरू नये, कष्ट सारखे राखावेत आणि पाऊल लहान करावे. पहिले दहा किलोमीटर मुद्दाम सावरून धावलेल्या माणसाला तो चढ पळत चढता येतो.

स्पर्धा संपल्यावर पूर्ण मॅरेथॉनपटूने पहिला आठवडा न धावता फक्त चालावे किंवा पोहावे, दुसऱ्या आठवड्यात तीन-चार वेळा अर्धा तास सावकाश धावावे, आणि चौथ्या आठवड्याआधी वेगाच्या सरावाला हात घालू नये. अर्धमॅरेथॉननंतर एक हलका आठवडा बहुधा पुरतो. या दिवसांत वेळ चांगली आली असली तरी मन रिकामे आणि उदास वाटू शकते, कारण महिनोन्महिने ज्यासाठी उठत होतो ते संपलेले असते. ती पोकळी भरण्यासाठी त्याच आठवड्यात पुढच्या स्पर्धेची नोंदणी करू नये. सकाळची नाडी नेहमीच्या आकड्यावर येऊन स्थिरावली आणि वहीत धावायची इच्छा सलग आठवडाभर पुन्हा लिहिली गेली, की मग तारीख पाहावी.